तिसरं रीळ

मोतीलाल सोनकुसरे हा मोहाडीच्या विणकराचा पोरगा. घरात आजापासून चालत आलेला खड्ड्याचा माग होता, पण सोसायटीचं सूत कधी महिनाभर यायचं, कधी तीन-तीन महिने यायचंच नाही. रिकाम्या मागापाशी बसून बापाच्या शिव्या खाण्यापेक्षा त्यानं नागपूर गाठलं आणि एका टुरिंग टॉकीजच्या मिस्त्रीच्या हाताखाली प्रोजेक्टर चालवायला शिकला. परत आला तो थेट भंडाऱ्याच्या लोकप्रबोधन मंडळात नोकरीला लागला. मंडळ म्हणजे दोन खोल्या, एक जुनी जीप, एक जनरेटर, एक पडदा आणि सचिव वासुदेवराव. वासुदेवराव शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. धोतर कडक, आवाज त्याहून कडक. जीप चालवायला देवाजी. धान कापून झाले की होळीपर्यंत हे तिघं जिल्हाभर हिंडायचे आणि गावोगावी माहितीपट दाखवायचे. कधी कुटुंबनियोजनाचा, कधी हत्तीरोगाचा, कधी सुधारित बियाण्याचा.

वेठबिगारीविरुद्धचा कायदा होऊन दोन वर्षं झाली होती. लोकांना तो समजावून सांगायचं काम मंडळानं घेतलं आणि नागपूरच्या एका ग्रंथालयानं त्यासाठी म्हणून एक इंग्रजी माहितीपट मोसमापुरता उसना दिला. अमेरिकेतल्या गुलामगिरीचा आणि तिथल्या काळ्या लोकांच्या हक्कांच्या लढ्याचा. तीन रिळं, तीन डबे. पहिल्यात जहाजं आणि साखळदंड. दुसऱ्यात कापसाचे मळे, चाबूक, माणसांचा लिलाव. तिसऱ्यात पुढचं सगळं, म्हणजे कायद्यानं सुटलेले लोक खऱ्या अर्थानं कसे सुटायला निघाले ते.

माहितीपट इंग्रजीत, म्हणून एका प्राध्यापकांकडून निवेदनाचं मराठी भाषांतर करून घेतलं होतं. ते मोतीलालनं माइकवर वाचायचं. पहिलंच वाक्य होतं, ‘मानवी प्रतिष्ठेच्या घोर विटंबनेचा हा इतिहास आहे.’ पहिल्या गावात त्यानं ते वाचलं आणि पुढच्या रांगेतला म्हातारा जांभई देऊन उठून गेला. दुसऱ्या गावापासून मोतीलालनं कागद खिशात ठेवले.

“पाहा जी,” तो सांगायचा, “हे जहाज. याच्यात माणसं भरली आहेत. कशी भरली? आपण बंडीत धानाचे कट्टे रचतो ना एकावर एक, तशी. कट्ट्याले तहान लागत नाही, माणसाले लागते.”

मग कोणी उठायचं नाही. दुसऱ्या रिळात एक जुनं चित्र यायचं. लाकडी चौथऱ्यापाशी उभी असलेली एक बाई, आणि तिच्या कडेवरचं लेकरू काढून घेणारा एक टोपीवाला माणूस. चित्र हलायचं नाही, कॅमेराच तेवढा बाईच्या तोंडाजवळ सरकत जायचा. तिथं मोतीलाल बोलणं थांबवायचा. नुसता प्रोजेक्टर खरखरत राहायचा आणि बायांच्या घोळक्यातून हुंदके ऐकू यायचे.

पण मोतीलालचा जीव होता तो तिसऱ्या रिळात. मंडळाच्या खोलीत दारं लावून, भिंतीवरच पाडून, ते त्यानं चार वेळा पाहिलं होतं. एक काळी बाई बसमधली आपली जागा गोऱ्या माणसाला द्यायला उठत नाही, तिला पकडतात, आणि साऱ्या गावातले काळे लोक बसमध्ये चढायचं सोडून देतात. पायी कामाला जातात. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तीनशे एक्याऐंशी दिवस. एक म्हातारी जोडे हातात घेऊन चाललेली दिसते. पुढं फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या हॉटेलात जाऊन बसलेली काळी तरणी पोरं; त्यांच्या डोक्यावर कोणी साखर ओततं, कोणी चटणी, आणि ती हलत नाहीत. हे आपल्या बोलीत कसं सांगायचं, याची त्यानं सायकलवर येता-जाता कितीदा तरी उजळणी केली होती. वाक्य न् वाक्य तयार होतं.

ते सांगायची वेळ मात्र येईना.

कार्यक्रम ठरायचा सातचा. साडेसातला पाहुणे येणार, मग हारतुरे, मग सरपंचांचे दोन शब्द, मग वासुदेवरावांचे दोनशे. रीळ फिरायला लागेपर्यंत नऊ वाजायचे. दुसरं रीळ संपलं की वासुदेवराव खुर्चीतून उठून हात वर करायचे, “बस, मोतीलाल. समारोप.” गावचे जे मोठे कास्तकार असायचे त्यांच्याकडे मंडळाचं जेवण असायचं. पानं वाढलेली असायची. ज्याच्या घरी जेवण, त्याच्या घड्याळावर सिनेमा.

डोंगरगाव झालं, कांद्री झालं, वरठी झालं. एका गावात जनरेटर बंद पडला. एका गावात आमदारांची गाडी आली आणि मधेच सत्कार झाला. एका ठिकाणी तर मोतीलालनं तिसरं रीळ चढवून प्रोजेक्टरचा दिवाही लावला होता, तेवढ्यात ज्याच्याकडे जेवण होतं तो कास्तकार हसत हसत जवळ आला आणि म्हणाला, “राहू द्या जी आता. गुलामांचं पाहून झालं, लोकाले समजलं. पहाटे मळणी आहे.” त्याच्याकडे सालाच्या बोलीवर राबणारे सहा सालदार पडद्यासमोर बसलेले होते. मोतीलालनं वासुदेवरावांकडे पाहिलं. वासुदेवरावांनी हात वर केला.

फेब्रुवारीत डबे नागपूरला परत पाठवताना त्यानं रिळं पुसली. पहिल्या दोन्हींवर ओरखडेच ओरखडे. तिसरं आलं होतं तसंच लखलखीत. त्याला इतका संताप आला, की डब्याचं झाकण त्यानं हातानं लावलं नाही, पायानं दाबलं.

आंधळगावच्या अलीकडे बोरटोला म्हणून पन्नास-साठ घरांचं गाव आहे. तिथं त्याच मोसमात खेळ झाला होता. समारोप होऊन लोक पांगले, मोतीलाल पडदा गुंडाळत होता, तेव्हा एक बाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. पन्नाशीची, सुकलेली, डोक्यावरचा पदर कानामागं खोचलेला. धुरपता तिचं नाव. घरची दीड एकर धानाची बांधी आणि बाकी दिवस दुसऱ्याच्या रोवणीला, कापणीला.

“भाऊ,” ती म्हणाली, “त्या बाईचं लेकरू तिले भेटलं का मंग?”

“कोण्या बाईचं?”

“जिच्या कडेवरून काढून नेलं. तुमी बोलत बोलत चूप झाले ना, ते.”

हातातला पडदा तसाच धरून मोतीलाल म्हणाला, “पुढचं तिसऱ्या रिळात आहे, बाई. आज टाइम नाही भेटला. पुढच्या साली दाखवतो.”

“दाखवजा जी,” ती म्हणाली. “झोप नाही यायची मले.”

परतताना जीपमध्ये देवाजी म्हणाला, “तिचं स्वतःचं कोणी गेलं असंन. म्हणून विचारून राहिली.”

पुढच्या साली माहितीपट पुन्हा आला. बोरटोल्याला खेळ लावून घ्यायला मोतीलालनं वासुदेवरावांच्या किती विनवण्या केल्या. खेळ लागला. धुरपता सगळ्यांच्या पुढं, पडद्यापासून दोन हातांवर बसलेली. आणि दुसऱ्या रिळाच्या शेवटी वासुदेवरावांचा हात वर गेला. मोतीलालनं पाहिलं न पाहिल्यासारखं करून तिसरं रीळ उचललं. वासुदेवरावांनी स्वतः येऊन जनरेटर बंद करवला.

अंधारात धुरपताचा आवाज आला, “तुमचा सिनेमा लंगडा आहे, भाऊ.”

लोक हसले. मोतीलाल हसला नाही. त्या दिवशी तो कास्तकाराकडे जेवलाही नाही. जीपच्या मागच्या बाकावर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो वासुदेवरावांच्या टेबलासमोर उभा राहिला. वासुदेवराव पत्रांवर सह्या करत होते.

“साहेब, दोन साल झाले. तिसरं रीळ एका गावात नाही दाखवलं आपण.”

“त्याची गरज नाही.” वासुदेवरावांनी मान वर केली नाही. “आपला विषय वेठबिगारी. तो दुसऱ्यात संपतो.”

“साहेब, लोक साखळ्या पाहून घरी जातात. त्याईले वाटते, ते लोक अजूनही तसेच आहेत. सुटले कसे, हे कोणी नाही सांगत.”

“सुटले कसे, तर कायद्यानं सुटले. ते मी भाषणात सांगतो.”

“कायद्यानं सुटल्यावर शंभर साल—”

“मोतीलाल,” आता वासुदेवरावांनी पेन खाली ठेवलं. “त्या रिळात ते बसचं प्रकरण आहे ना? आपल्या एसटीत कोणी कुठंही बसतो. आपल्या लोकांना त्याचं काय? उगाच रस्त्यावर बसायच्या गोष्टी दाखवायच्या आणि उद्या गावात कोणी काही केलं, की मंडळाला कोण दारात उभं करेल? अनुदान कलेक्टर कचेरीतून येतं. तुम्ही ऑपरेटर आहात. यंत्र सांभाळा.”

ऑपरेटर. मोतीलाल बाहेर आला तेव्हा देवाजी जीप पुसत होता. “मी चूप बसतो म्हणून हे असं आहे,” मोतीलाल त्याला म्हणाला. देवाजी म्हणाला, “तू कुठं चूप बसतोस बाप्पा? रोज त बोलतोस. पण माह्यापाशी.”

ते त्याला लागलं. घरी कौशल्याबाईला, म्हणजे बायकोला, त्यानं सांगितलं की येत्या रविवारी आपण स्वतःच खेळ करणार. तिनं भाकर थापता थापता एवढंच विचारलं, “नोकरी राहीन ना?” तो उठून सायकल पुसायला गेला.

आंधळगावला त्याच्या मावसभावाचा राइस मिलशी संबंध होता. मिलचं गोदाम रविवारी दुपारपुरतं मिळालं. पत्र्याच्या फटींतून आणि झरोक्यांतून ऊन येत होतं. मोतीलालनं भावाबरोबर एकेका झरोक्यावर बारदानं ठोकली. शनिवारी बोरटोल्याला निरोप पाठवला. प्रोजेक्टर आणि तिसरा डबा त्यानं ‘दुरुस्ती करून आणतो’ म्हणून मंडळातून बाहेर काढला आणि एसटीच्या टपावर न ठेवता मांडीवर घेऊन आणला. जनरेटर आणता येण्यासारखा नव्हता. मिलच्या विजेच्या लायनीवर भागवायचं ठरलं.

दोन वाजता शंभरेक माणसं जमली. कोंड्याच्या धुळीनं लोक शिंकत होते. धुरपता दिसेना. पंधरा मिनिटं वाट पाहून मोतीलालनं दिवा लावला. पडद्यावर रस्ता आला, आणि रस्त्यानं चालणारे लोक. मोतीलालनं माइक धरला. दोन वर्षं मनात साठवलेलं पहिलं वाक्य त्यानं उच्चारलं, “हे लोक कामाले चालले आहेत जी, पायी, अन् यांच्या बाजूनं रिकामी बस चालली आहे...”

तेवढ्यात शेजारच्या शेडमध्ये कोणीतरी धान भरडायचा हलर सुरू केला. रविवार असूनही कोणाचा तरी धान आला होता. विजेचा दाब एकदम पडला. पडद्यावरची माणसं पिवळी झाली, संथ झाली, आवाज म्हशीच्या हंबरण्यासारखा निघू लागला. मोतीलाल ओरडत बाहेर धावला. हलर थांबला, आणि दाब असा उसळला की फट्ट करून दिवा गेला. दुसरा दिवा नव्हता.

बारदानं काढली. उजेडात लोक एकमेकांकडे पाहू लागले. एक जण म्हणाला, “हे लोक कोण्या जत्रेले चालले होते गा?” दुसरा म्हणाला, “चालतानाच त दाखवले. आमी रोजच चालतो.” सगळे हसले आणि घरी गेले.

धुरपता आली ती चारला. सून आडवी झाली, पोटात दुखत होतं, तिला दवाखान्यात सोडून मग चालत आली होती. गोदामात मोतीलाल एकटाच बसलेला.

“झाला?” तिनं विचारलं.

“नाही झाला.”

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आली तशी परत निघाली.

फुटलेला दिवा लपवता येण्यासारखा नव्हता. वासुदेवरावांनी त्याला काढलं नाही. प्रोजेक्टर चालवणारा दुसरा माणूस जिल्ह्यात सहज मिळण्यासारखा नव्हता. त्यांनी त्याहून वाईट केलं. प्राध्यापकांचं भाषांतर एका रेडिओ आवाजाच्या गृहस्थाकडून टेपवर भरून घेतलं आणि मोतीलालचा माइक बंद केला. पुढच्या मोसमात गावोगावी ‘मानवी प्रतिष्ठेच्या घोर विटंबनेचा हा इतिहास आहे’ असं टेप गरजायची, चित्र एकीकडे आणि बोलणं दुसरीकडे चालायचं, आणि लोक जांभया देत उठायचे. मोतीलाल यंत्रामागं दात आवळून उभा असायचा. लेकरू काढून घेतलेल्या बाईच्या चित्रापाशी आता शांतता नसायची. टेप बोलतच राहायची.

ब्याऐंशी साली ग्रंथालयानं माहितीपट कायमचा परत मागवला. तिन्ही डबे सुतळीनं बांधून मोतीलालनं स्वतः भंडारा रोड स्टेशनवर पोचवले.

त्याच वर्षी पाऊस लागून रोवणीला जोर चढला तेव्हा एक दिवस तो सायकल घेऊन बोरटोल्याला गेला. धुरपता दहा-बारा बायांसोबत बांधीत वाकलेली होती. मोतीलाल धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, उभा राहिला.

“बाई, सिनेमा गेला परत. आता येत नाही. मी तोंडानं सांगतो.”

“सांगा,” ती म्हणाली. हात थांबले नाहीत. बायांच्या हातातले धानाचे पऱ्हे चिखलात रोवले जात होते आणि त्या एकेक पाऊल मागं सरकत होत्या, तसा मोतीलालही धुऱ्यावरून मागं मागं सरकत सांगत गेला. बसमधली बाई सांगितली. जोडे हातात घेतलेली म्हातारी सांगितली. डोक्यावर साखर ओतून घेणारी पोरं सांगितली. तीनशे एक्याऐंशी दिवस म्हटल्यावर एक तरणी बाई कंबर सरळ करून उभी राहिली.

“इतके दिवस? अन् कामावर उशीर झाला त मालक कापत नव्हता का?”

“कापत असंन.”

“मंग?”

“मंग बस कंपनी हरली. कोर्टानंही सांगितलं, कोणीही कुठंही बसावं.”

“बरं झालं,” ती बाई म्हणाली आणि पुन्हा वाकली. बाकीच्याही काहीबाही बोलल्या. एकीनं विचारलं, त्या म्हातारीनं जोडे कायले काढले, तुटतीन म्हणून का? मोतीलालला वाटलं, चला, एकदाचं झालं. चार वर्षांचं ओझं उतरल्यासारखं त्यानं धुरपताकडे पाहिलं.

धुरपतानं पऱ्ह्यांची पेंढी खाली ठेवली.

“हे सारं चांगलं झालं, भाऊ. पण त्या बाईचं लेकरू?”

चार वर्षं मोतीलालनं तिला सांगितलं होतं, तिसऱ्या रिळात आहे. आणि तिसऱ्या रिळात ते नव्हतं. तिसरं रीळ शंभर वर्षांनंतरचं. ते त्याला पहिल्यापासून माहीत होतं. पण वासुदेवरावांवरच्या रागात त्याचा कधी विचारच केला नव्हता.

“बाई,” तो म्हणाला, “तुमचं कोणी हरवलं का? म्हणून विचारता?”

धुरपता हसली. “माहे चारही पोट्टे घरीच आहेत. नातवंडं आहेत. माहं काही हरवलं नाही. ज्याचं हरवलं त्याचंच विचारावं का?”

तो सायकल घेऊन परत आला, आणि या वेळी राग कोणावर काढायचा ते त्याला कळेना. त्या बाईच्या लेकराचं काय झालं, हे विचारायला नागपूरच्या ग्रंथालयाला त्यानं पत्र टाकलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. आभार, आणि सोबत उपलब्ध माहितीपटांची छापील यादी. दुसरं पत्र टाकलं, त्याचं उत्तर आलं नाही. वासुदेवरावांना विचारलं तर ते म्हणाले, “ते प्रातिनिधिक चित्र आहे हो. त्यातली बाई कोण म्हणून काय विचारता?”

पंच्याऐंशीत मंडळानं व्हिडिओ घेतला. तो लावायला ऑपरेटर लागत नव्हता, आणि गावातल्या लोकांनाही आता त्यावर हिंदी सिनेमेच हवे होते. मोतीलाल घरी आला आणि मागावर बसला. बाप आता नव्हता. शिव्या द्यायला कोणी नव्हतं. सूत तसंच, कधी यायचं, कधी नाही.

सूत नसलेल्या अशाच एका महिन्यात तो भंडाऱ्याला त्या प्राध्यापकांकडे गेला. ज्याच्या भाषांतराला त्यानं इतकी वर्षं नावं ठेवली, त्याच माणसाकडे. प्राध्यापक साधा निघाला. त्यानं कपाटातून जाड पुस्तकं काढली आणि दोन दुपारी बसून मोतीलालला वाचून, मराठीत करून सांगितलं. या वेळी भाषा कठीण नव्हती.

त्यानंतरच्या बाजाराला मोहाडीत त्याला धुरपता दिसली. मिरच्यांच्या ढिगापाशी बसून निवडत होती. केस पार पांढरे झालेले. तो तिच्याजवळ उकिडवा बसला.

“बाई, त्या लेकराचं विचारून आलो.”

तिचा हात थांबला.

“त्या एकाच बाईचं नाही सापडलं. तिचं नावच कोणी लिहून ठेवलं नाही. पण तशा लाखो होत्या. सुटका झाली त्या दिवसापासून ते लोक आपापली माणसं धुंडत निघाले. पायी. शंभर-दोनशे कोस. पेपरात छापत होते, माही माय या नावाची, या मालकानं विकली, कोणाले दिसली त सांगा. त्याईच्या देवळात दर आठवड्याले ते वाचून दाखवत होते. वीस-वीस, तीस-तीस साल.”

“भेटले?”

“थोड्याईले. बहुतेकाईले नाही.”

धुरपता त्याच त्या मिरच्या पुन्हा वरखाली करू लागली. मिरचीवाला म्हणाला, “घेता का आजी, का नुसत्याच चिवडता?” ती त्याच्याकडे वळली नाही.

“धुंडलं त,” ती म्हणाली. “धुंडलं त त्याईनं.”

“हो.”

“एवढंच सांगाले आठ साल लावले तुमी.” तिनं मिरच्या पदरात टाकल्या, पैसे दिले आणि उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठायला तिला वेळ लागला. “बरं, जातो भाऊ. सून वाट पाहत असंन.”

तिचं समाधान झालेलं मोतीलालला दिसलं. त्याचं झालं नाही. बाजारातून घरी येईपर्यंत तो मनात हिशेब करत होता, की पहिल्या-दुसऱ्या रिळाचे खेळ किती गावांत झाले असतील, दोनशे की अडीचशे, आणि त्या सगळ्या गावांत अजून कोणी कोणी असंच काही विचारायचं राहून गेलं असेल. कौशल्याबाईनं दारातच सांगितलं, सोसायटीत सूत आलं आहे, लवकर जा, नाहीतर संपेल. तो पिशवी ठेवून तसाच गेला. रांग मोठी होती. त्याचा नंबर येण्याच्या आधीच, वासुदेवरावांनी हात वर करावा तशी, खिडकी बंद झाली.

“साले,” तो मोठ्यानं म्हणाला. रांगेतल्या लोकांना वाटलं, तो सोसायटीलाच म्हणाला.